बूस्टर झाला, आता गणपतीला गावाला: कोविडने बेत मोडू नये म्हणून तारखांचा हिशेब

ही गोष्ट २०२२ ची: त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला, बुधवारी होती. दोन वर्षांनी पहिल्यांदाच निर्बंधांशिवाय गणपती येत होता. तिकिटं चार महिने आधी काढून झाली, १५ जुलैपासून सरकारी केंद्रांत बूस्टर (कोविड लसीचा तिसरा डोस) मोफत मिळायला लागल्यावर अनेकांनी तोही घेतला. तरी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज कुणीतरी थांबवून विचारायचंच, "बूस्टर घेऊनही झाला तर? ऐन गणपतीत पॉझिटिव्ह आलो तर काय करायचं?"

धास्ती खरी आहे. पण बेत मोडतो तो बहुतेक वेळा हिशेब चुकल्याने. चाचणी नको त्या दिवशी केली जाते, दिवस चुकीचे मोजले जातात, आणि आजारी माणसाला मागे ठेवून बाकीचं घर त्याच रात्री गाडीत बसतं. ही तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला निघायच्या दिवशी सकाळी घसा खवखवत होता. घरीच किटने चाचणी केली, निगेटिव्ह आली, निश्चिंत होऊन निघाले. तिसऱ्या दिवशी गावात पुन्हा केली तेव्हा दोन रेघा आल्या. तोवर ७४ वर्षांच्या आत्याला ताप भरला होता. तिने एप्रिलमध्ये बूस्टर घेतला होता, सहा दिवसांत ती घरीच बरी झाली. मला एक शब्दही बोलली नाही. पण त्या सहा रात्री मी तिच्या खोलीबाहेर बसून काढल्या आहेत. खालचे टप्पे त्यानंतर मी स्वतःसाठी लिहून काढले होते, ते २०२२ च्या तारखा घालून इथे देते आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून धरून चालू की तुम्ही सोमवारी, २९ ऑगस्टला रात्रीच्या गाडीने मुंबईहून कोकणात निघणार आणि ३० ला, हरतालिकेच्या सकाळी घरी पोहोचणार. तुमची तारीख वेगळी असेल तर तेवढे दिवस पुढे-मागे करून घ्या.

टप्पा १: बूस्टरची तारीख बघा

लस घेतल्यावर अंगात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे ३१ तारखेसाठी बूस्टर १७ ऑगस्टच्या आत व्हायला हवा. ज्यांचा राहिला होता त्यांनी तो त्याआधी उरकायला हवा होता. २०२२ च्या नियमाप्रमाणे दुसऱ्या डोसला सहा महिने झालेले असावे लागत (आधी नऊ होते, त्या जुलैत नियम बदलला). आधी कोव्हिशील्ड घेतली असेल तर कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन घेतली असेल तर कोव्हॅक्सिन. ऑगस्ट २०२२ पासून १८ वर्षांपुढच्यांना या दोन्हींवर कोर्बेव्हॅक्सही घेता येऊ लागली. साठीच्या आतल्यांना मोफत डोस ३० सप्टेंबर २०२२ पर्यंतच होता.

गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन गेला असेल तर आत्ता बूस्टर घेऊ नका. बरं झाल्यापासून तीन महिने जाऊ द्यायचे, असाच सरकारी नियम होता.

सावधान: निघायच्या आदल्या दिवशी बूस्टर घेऊ नका. दरवर्षी कुठली ना कुठली लस शेवटच्या क्षणी टोचून घेणारे असतातच. ताप, अंगदुखी, दंड दुखणं हे पहिल्या दोन दिवसांत होऊ शकतं. मग गाडीत अंग तापलं की तो लसीचा ताप की कोविड, हे कुणालाच सांगता येत नाही.

फरक ओळखायची खूण अशी: लसीने ताप येतो, अंग मोडून येतं, थकवा येतो, आणि दोन दिवसांत उतरतं. लसीमुळे सहसा घसा दुखत नाही, नाक वाहत नाही, खोकला येत नाही, वास जात नाही. यातलं काही असेल तर ते लसीच्या खात्यात टाकू नका. आणि लस घेतल्यामुळे नाकातल्या स्वॅबची चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. रेघ आली तर तो कोविडच धरायचा.

बूस्टरकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही इथेच सांगते. तो आजार सहसा गंभीर होऊ देत नाही, इस्पितळात जायची वेळ टाळतो. लागणच होणार नाही, असं तो करू शकत नाही. प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात, आणि ओमायक्रॉनच्या (कोविड विषाणूच्या एका प्रकाराच्या) पोटप्रकारांना त्यांना चकवता येतं. म्हणून पुढचे टप्पे बूस्टर झालेल्यांसाठीही आहेत.

टप्पा २: कॅलेंडरवर उलटे दिवस मोजा

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, पेन घ्या. तोंडी हिशेब करू नका, कारण इथेच सगळ्यांचा एक दिवस चुकतो.

केंद्राच्या जानेवारी २०२२ मधल्या नियमाप्रमाणे, सौम्य आजारात पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस वेगळं राहायचं आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसला पाहिजे. मगच बाहेर पडायचं. पुन्हा चाचणी करायची गरज नाही. ज्या दिवशी पॉझिटिव्ह आलात तो शून्यावा दिवस, दुसऱ्या दिवसापासून एक.

पण गावच्या घरात सत्तरीपुढची माणसं असतील तर मी दहा दिवस धरते. काही जणांच्या अंगात विषाणू सात दिवसांनंतरही पसरण्याजोगा उरतो, आणि कोकणातल्या घरात पंगतीला मास्क लावून बसता येत नाही.

आता मोजा.

२० ऑगस्टला पॉझिटिव्ह आलात: दहावा दिवस ३० तारीख. चतुर्थी मिळते.

२४ ऑगस्टला आलात: सातवा दिवस ३१, दहावा ३ सप्टेंबर. चतुर्थी चुकते, पण ३ तारखेला, शनिवारी, गौरी येतात. गौरींना पोहोचता येतं.

२८ ऑगस्टला आलात: सातवा दिवस ४ सप्टेंबर, दहावा ७. गौरी विसर्जन ५ ला आहे, तेही गेलं. घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असेल तर ९ सप्टेंबरच्या विसर्जनाला जाता येईल.

या तिन्ही तारखांना कॅलेंडरवर गोल करा. "झाला तर सगळंच गेलं" या विचाराने माणूस रात्रभर जागतो. कागदावर बघितलं की कळतं, बहुतेक तारखांना काही ना काही हाती राहतं.

टप्पा ३: दुसरा बेत आत्ताच फोनवर ठरवा

हा टप्पा लोक टाळतात. अभद्र बोलू नये म्हणतात. पण पूजेला बसणारा एकच माणूस ठरलेला असेल आणि तोच आडवा झाला, तर ३० तारखेच्या रात्री भावकीत जी धावपळ आणि रागारागी होते ती मी पाहिली आहे. याच आठवड्यात गावी फोन करून चार गोष्टी ठरवा.

एक, पूजेला दुसरा कोण बसेल. धाकटा भाऊ, पुतण्या, चुलत घरातलं कुणी. त्याला आत्ता सांगा, आयत्या वेळी नको.

दोन, मूर्ती गणपतीच्या शाळेतून (मूर्ती घडवतात तिथून) कोण आणेल. माटवी (मूर्तीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) कोण बांधेल, बाजारहाट कोण करेल. या कामांना मुंबईच्या माणसाची वाट पाहत बसू नये.

तीन, तुमच्याकडून जाणाऱ्या वस्तू, म्हणजे मखराचं सामान, दागिने, आजीची औषधं, दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ शकतील का. वाडीतले कोण कोण कधी निघणार, ते विचारून ठेवा.

चार, घरात सगळ्यांसमोर एवढं बोलून घ्या: ज्याला घसा दुखेल त्याने लगेच सांगायचं, आणि त्याला कुणी बोल लावायचे नाहीत. हे सर्वांत महत्त्वाचं आहे. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडेल या भीतीने मुलं खोकला दाबतात, बायका ताप अंगावर काढतात. मी मे महिन्यात नेमकं तेच केलं होतं.

तपासा: पूजेला बसणाऱ्या दुसऱ्या माणसाने स्वतः हो म्हटलंय का? की त्याच्या आईने परस्पर सांगितलंय?

टप्पा ४: सामान २० तारखेच्या आत आणा

गर्दीच्या आठवड्यात औषधांच्या दुकानात किट संपतात. आधीच आणून ठेवायच्या गोष्टी:

घरी करायची अँटिजेन किट. पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ २०२२ मध्ये २५० रुपयांना यायचं. चार जणांच्या घराला डझनभर किट परवडत नाहीत, हे मला कळतं. किमान पाच घ्या. ती कशी वाटायची ते पुढे सांगते. किट फ्रिजमध्ये ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. वेष्टनावरची मुदत बघा.

थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर, आणि त्याचे जादा सेल. ऑक्सिमीटर दीड वर्ष कपाटात पडून असेल तर सेल गळलेले असतात, आजच उघडून बघा.

पॅरासिटामॉल ६५०, ओआरएसची पाकिटं. रक्तदाब, मधुमेहाची रोजची औषधं दहा दिवस जास्तीची, कारण परतीचा दिवस पुढे ढकलला जाऊ शकतो.

एन ९५ मास्क, झडप नसलेले. माणशी तीन.

वहीच्या एका पानावर लिहून ठेवा: तुमच्या डॉक्टरांचा नंबर, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आशाताईंचा (गावच्या आशा सेविकेचा) नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४. फोनमध्ये असतील तरी कागदावर लिहा. आमच्या वाडीत पाऊस लागला की नेटवर्क जातं आणि शेजारच्याच्या फोनवरून लावायची वेळ येते.

टप्पा ५: शेवटचे दहा दिवस

ओमायक्रॉनची लागण झाली की लक्षणं बहुतेकदा दोन ते चार दिवसांत दिसतात. २०२२ मध्ये १९ ऑगस्टला, शुक्रवारी दहीहंडी होती. त्या गर्दीत लागण झाली तर लक्षणं २१ ते २३ ला दिसणार, आणि वरच्या हिशेबाने तुमची चतुर्थी काठावर येणार. म्हणून ज्यांच्या गावच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी हंडी टीव्हीवर बघावी, असं माझं मत आहे. ज्यांना जायचंच आहे त्यांनी निदान त्यानंतर लक्षणांकडे नीट लक्ष ठेवावं.

मखराची, कंठीची खरेदी २० च्या आधी करा. नंतर दादरला आणि लालबागला पाय ठेवायला जागा नसते. लोकलमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात मास्क लावा. दवाखान्याचं मुद्दाम सांगते, कारण पावसाळ्यात तिथे दहा जण खोकत बसलेले असतात आणि आपण तिथे मास्क हनुवटीवर ठेवतो.

घरातली फळं, पिशव्या, दाराच्या कड्या पुसत बसू नका. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी ते केलं. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. तेवढी मेहनत खिडक्या उघड्या ठेवण्यात घाला.

धास्तीसाठी एक नियम: ताप दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी आणि रात्री. ऑक्सिमीटर लक्षणं नसताना लावायचाच नाही. मी दिवसातून पंधरा वेळा बोट घालून बघणारी माणसं पाहिली आहेत. थंड बोटावर एकदा ९१ आकडा दिसतो आणि घरभर रडारड होते.

टप्पा ६: चाचणी कधी, कुणाची, कशी

लक्षणं नसताना केलेली एकच अँटिजेन चाचणी जवळजवळ काही सांगत नाही. विषाणू नाकात पुरेसा वाढेपर्यंत ती निगेटिव्हच येते. म्हणून एकापेक्षा जास्त, आणि मध्ये ४८ तास सोडून. निघायचं २९ ला, तर चाचण्या गुरुवारी २५ ला, शनिवारी २७ ला आणि सोमवारी २९ ला सकाळी.

तिन्ही दिवस सगळ्यांची करायची म्हटलं तर खिसा रिकामा होईल. वाटणी अशी करा: जो आजी-आजोबांच्या सर्वांत जवळ राहणार, त्यांना औषध भरवणार, त्याच्या तीन चाचण्या. जो रोज गर्दीत फिरतो त्याच्या दोन, २७ आणि २९ ला. बाकीच्यांची लक्षणं असतील तरच, आणि त्यासाठी जादा किट वेगळं आणावं लागलं तर आणायचं.

किट वापरताना होणाऱ्या चुका:

स्वॅब नाकाच्या टोकाशीच फिरवतात. तो दोन ते चार सेंटिमीटर आत जायला हवा, आणि दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा भिंतीला घासून फिरवायला हवा. डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल.

एकाच नाकपुडीत घालतात.

थेंब अंदाजाने टाकतात. पत्रकात लिहिले असतील तेवढेच टाका.

पाच मिनिटांत बघून "निगेटिव्ह" म्हणतात. १५ मिनिटं घड्याळ लावा. उलट, २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. तासाभराने कचऱ्याच्या डब्यात डोकावून बघायचं नाही.

किटच्या पट्टीवर टी या अक्षरासमोर फिकट रेघ आली तर "अगदीच पुसट आहे" म्हणून सोडून देतात. पुसट म्हणजेही पॉझिटिव्हच. आणि सी समोरची रेघ आलीच नाही तर चाचणी फुकट गेली, नवीन किट घ्यावं लागेल.

सावधान: लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह आलं, तर त्यावर विसंबून निघू नका. आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेत होणारी चाचणी) करा. २०२२ मध्ये राज्यात घरी नमुना घ्यायला बोलावलं तर ७०० रुपये, असा सरकारने दर बांधून दिलेला होता. पैसे नसतील तर पालिकेच्या दवाखान्यात जा. तेही जमत नसेल तर ४८ तासांनी पुन्हा किट वापरा आणि मधल्या दोन दिवसांत म्हाताऱ्या माणसांपासून दूर राहा.

उलट बाजूने: ज्यांना गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन गेलाय त्यांनी नुसत्या धास्तीपोटी आरटी-पीसीआर करू नये. ती बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि पसरवण्यासारखं अंगात काहीही नसताना बेत मोडतो.

टप्पा ७: ताप आला म्हणजे कोविडच, असं धरू नका

ऑगस्टचा महिना. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतात, आणि २०२२ मध्ये स्वाइन फ्लूही होता. कोविडची किट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजून डेंग्यूचा ताप घेऊन गाडीत बसलेला माणूस तालुक्याच्या गावी जास्त अडकतो.

अंदाज घ्यायला एवढं पुरतं. घसा, नाक, खोकला यांनी सुरुवात झाली तर कोविड किंवा फ्लू. सर्दी नाही, एकदम भरपूर ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, सांधे मोडून येताहेत, तर डेंग्यूची रक्तचाचणी. एनएस १ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते. थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप येत असेल तर मलेरियासाठी रक्त तपासा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल आणि पोटऱ्या दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण लेप्टोवरचं औषध वेळेवर सुरू व्हावं लागतं.

काय आहे ते कळेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्या. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नका. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जे हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतात त्यांनी ते बंद करायचं की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

टप्पा ८: पॉझिटिव्ह आलात तर

पहिल्या तासात करायच्या गोष्टी या क्रमाने:

१. मास्क लावा, खिडकीजवळच्या जागेत बसा. स्वतंत्र खोली नसेल, आणि चाळीत ती बहुतेक नसतेच, तर खिडकीची बाजू आजारी माणसाची. पंखा असा लावा की वारा त्याच्याकडून खिडकीबाहेर जाईल. घरातले सगळे मास्क लावतील.

२. कॅलेंडरवर आजच्या तारखेवर शून्य लिहा. सातव्या आणि दहाव्या दिवसावर खूण करा.

३. वय साठीपुढे असेल, मधुमेह, हृदयाचा, किडनीचा किंवा श्वासाचा विकार असेल, गरोदरपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. "दोन दिवस बघू" म्हणू नका. कोविडवरच्या विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात. त्यांतल्या काही रोजच्या औषधांशी जमत नाहीत, काही गरोदरपणात चालत नाहीत. त्यामुळे रोजच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना वाचून दाखवा.

४. गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांच्याबरोबर बसून जेवलात त्यांना कळवा. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण पसरत असते.

सौम्य आजारात औषध थोडंच लागतं. तापावर पॅरासिटामॉल ६५०, मोठ्या माणसाला दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. पाणी, पेज, गरम पाण्याच्या गुळण्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू ठेवा. जुन्या चिठ्ठीवरचं ॲझिथ्रोमायसिन काढून खाऊ नका. स्टिरॉइड तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नको. छातीचा सीटी स्कॅनही मनाने करून आणू नका.

ऑक्सिजन दिवसातून तीनदा बघा. आधी पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. गौरीसाठी मेंदी काढणार असाल तर एक बोट कोरं ठेवा. बोट घालून मिनिटभर थांबा आणि स्थिर झालेला आकडा लिहा. दिवसातून एकदा सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, साठीपुढच्यांनी तीन मिनिटं. आकडा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना फोन.

सावधान, वाट बघू नका: तासाभरात तीन वेळा बघूनही ऑक्सिजन ९३ किंवा खाली, धाप लागणं, छातीत सतत दुखणं किंवा दाब, बोलण्यात गोंधळ, उठवत नाही इतका थकवा, तीन दिवसांनंतरही न उतरणारा १०० च्या वरचा ताप. यांतलं एक जरी असलं तरी इस्पितळ. बूस्टर झालाय म्हणून थांबायचं नाही.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. एक जण पॉझिटिव्ह आला की घर म्हणतं, "तू राहा, आम्ही पुढे होतो, गणपती थांबायचा नाही." पण ते बाकीचे त्याच खोलीत झोपलेले असतात. लागण त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असू शकते आणि आज त्यांना काहीही जाणवत नसतं. ते गावी पोहोचतात, आणि चतुर्थीच्या दिवशी आजीच्या शेजारी बसून मोदक वळताना त्यांचा घसा धरतो. घरातले बाकीचे किमान पाच दिवस थांबा. त्या पाच दिवसांत ४८ तासांच्या अंतराने चाचण्या करा आणि लक्षणं नसतील तरच निघा. पोहोचल्यावरही दहाव्या दिवसापर्यंत म्हाताऱ्या माणसांजवळ मास्क लावा. मन मोडतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच पूजेला बसणारा दुसरा माणूस टप्पा ३ मध्येच ठरवून ठेवायचा.

टप्पा ९: तिकिटं, घाई न करता

२०२२ च्या नियमाप्रमाणे, कन्फर्म तिकीट रेल्वे सुटायच्या ४८ तासांआधी रद्द केलं तर ठरावीक रक्कमच कापत: स्लीपरला माणशी १२०, थर्ड एसीला १८० रुपये आणि वर कर. ४८ ते १२ तासांत भाड्याचा पाव हिस्सा कापत, १२ ते ४ तासांत निम्मं, त्यानंतर काहीच परत मिळत नसे. कन्फर्म तत्काळ तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. २९ ला रात्री ११ ची गाडी असेल तर ४८ तासांची हद्द शनिवारी २७ ला रात्री ११ वाजता संपते. २७ च्या सकाळची चाचणी मी त्यासाठीच ठेवली आहे. त्या रात्रीपर्यंत निर्णय घ्या.

एकच जण राहणार असेल तर रद्द करताना फक्त त्याचंच नाव निवडा. घाबरलेल्या हातांनी अख्खं तिकीट रद्द केलेलं मी पाहिलंय, आणि गणपतीत ते पुन्हा मिळत नाही.

आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी किंवा नवरा-बायकोच्या नावावर एकदा बदलून मिळतं. गाडी सुटायच्या २४ तास आधी, तिकिटाची छापील प्रत आणि नातं दाखवणारी ओळखपत्रं घेऊन आरक्षण केंद्रात अर्ज करायचा. पूजेला तुमच्याऐवजी भाऊ बसणार असेल तर तुमच्या तिकिटावर तोच जाऊ शकतो. पण तो वेगळ्या घरात राहणारा आणि तुमच्या संपर्कात न आलेला हवा. २८ ला रविवार आहे, खिडक्या दुपारी २ ला बंद होतात. शनिवारीच जा, आणि आजारी माणसाने स्वतः रांगेत उभं राहू नये.

एसटीचं ग्रुप बुकिंग असेल तर वाडीच्या प्रमुखाला लगेच फोन करा. जागा हवी असलेलं कुणीतरी असतंच.

टप्पा १०: गावी पोहोचल्यावर पहिले पाच दिवस

रात्रभर भरलेल्या गाडीतून आलेले असता. पाच दिवस आजीजवळ बसताना मास्क लावा, किंवा तिला पडवीत आणून बसवा आणि समोर खळ्यात (अंगणात) गप्पा मारा. वेगळ्या खोलीत झोपायची सोय असेल तर झोपा.

आरतीला माजघरात तीस माणसं, दारं लावलेली, झांजा आणि वरच्या पट्टीतला आवाज. मोठ्याने गाताना तोंडातून कण जास्त उडतात. मागचं-पुढचं दार उघडा, पाऊस आत येत नसेल तर खिडक्याही. म्हातारी माणसं दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला. भजनाला खळ्यात ताडपत्री बांधता आली तर फारच उत्तम. घरोघरी आरतीला फिरताना ज्याला सर्दी आहे त्याने आपल्याच घरी थांबावं.

तपासा: तिसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला विचारा, घसा कसा आहे. उत्तर फक्त मान हलवून आलं तर पुन्हा विचारा.

गावीच पॉझिटिव्ह आलात तर भरलेल्या गाडीने मुंबईला पळून येऊ नका. बाजूची खोली धरा, शून्य मोजायला लागा, आरोग्य केंद्राला कळवा. २०२२ मध्ये तिथे चाचणी मोफत व्हायची. कागदही तिथूनच घ्या, ऑफिसात लागतो. परतीचं तिकीट त्याच दिवशी बघा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा बूस्टर राहिला असेल तर २०२२ मध्ये तो याच मुक्कामात होत असे. साठीपुढच्यांना सरकारी केंद्रात तो मोफतच होता. लसीकरणाचा वार आशाताईंना विचारा. गौरी विसर्जनानंतरचा दिवस धरा, म्हणजे ताप आला तरी सणात येणार नाही आणि तुम्ही दोन दिवस सोबत असाल. आधीचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड बरोबर घ्या, आणि रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा.